पंधरा वर्षांची मोटार आणि कॅलेंडरचा न्याय

सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशी केंद्र सरकारने २००८ मध्ये स्वीकारल्या आणि पुढील वर्षी महाराष्ट्र शासनाने त्याच वाटेने पाऊल टाकले. वेतनातील फरक कोणाच्या हाती पडला, कोणाच्या भविष्यनिर्वाह निधीत हप्त्याहप्त्याने जमा झाला. पण त्याच्या भरवशावर बँकांनी कर्जे दिली आणि माध्यमिक शिक्षक, सरकारी कार्यालयातील लिपिक, ग्रंथपाल, तलाठी अशा मंडळींच्या दारात प्रथमच मोटार उभी राहिली. कोणाची आल्टो, कोणाची सँट्रो, कोणाची इंडिका. त्या मोटारीला हार घातला गेला, चाकाखाली लिंबू ठेवले गेले, आणि नोंदणीच्या कागदावर पंधरा वर्षांची मुदत लिहिली गेली. त्या दिवशी ती मुदत कोणी वाचली नसावी. आता ती संपली आहे किंवा संपत आली आहे, आणि त्या घरांतून एक प्रश्न सध्या वारंवार विचारला जातो: या मोटारीचे करायचे काय?

वरवर पाहता हा प्रश्न घरगुती आहे. मुलाला नवी मोटार हवी असते, वडिलांना जुनीच बरी वाटते, शेजारी ‘अजून किती दिवस ओढणार?’ असे विचारतो, आणि गॅरेजमधील मेस्त्री ‘साहेब, इंजिन लाख मोलाचे आहे’ असे सांगून सस्पेन्शनच्या खर्चाचा आकडा हळूच पुढे सरकवतो. परंतु या संवादामागे भांडवल, घसारा, बाजारातील माहितीची विषमता, हवेचे प्रदूषण आणि शासनाचे धोरण असे सारे विषय दाटीवाटीने उभे आहेत. आणि त्यांतील शेवटच्या विषयात, म्हणजे शासनाच्या धोरणात, एक मूलभूत गफलत आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी घरगुती हिशेबच अगोदर मांडणे इष्ट.

आपल्याकडे मोटार ही फार काळ मिळकतीसारखी वागविली गेली. परवाना राज्याच्या काळात वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, पुढे तीच पद्मिनी, मिळविण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हाती आलेली मोटार वापरून विकली तरी तोटा होत नसे. कधी कधी कारखान्याच्या दरापेक्षा अधिक रक्कम मिळे. अशा टंचाईच्या बाजारात मोटार जपणे हा शहाणपणाचाच व्यवहार होता. डिसेंबर १९८३ मध्ये ४७,५०० रुपयांची मारुती ८०० आली आणि हे गणित पालटू लागले. टंचाई गेली, निवड आली, आणि निवडीबरोबर घसाराही आला. तरीही मन मात्र जुन्या हिशेबातच राहिले. आजही पुष्कळ कुटुंबांत मोटार ‘मालमत्ता’ म्हणून बोलण्यात येते. प्रत्यक्षात ती मालमत्ता कमी आणि खर्च अधिक. दारात उभी असतानाही तिची किंमत झिजत असते.

विमा व्यवसायात ही झीज ठरावीक टक्क्यांनी मोजतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५० टक्के. पुढे विमेदार व कंपनी यांनी आपसात ठरवावे. याचा अर्थ असा की नव्या मोटारीच्या मूल्यातील निम्मा हिस्सा पहिल्या पाच वर्षांत उडून जातो आणि उरलेला निम्मा पुढील दहा-पंधरा वर्षांवर पसरतो. जो मनुष्य पंधरा वर्षे मोटार वापरून बसला आहे, त्याने घसाऱ्याचा मोठा घास आधीच गिळलेला आहे. नवी मोटार घेणे म्हणजे तोच घास पुन्हा तोंडात घेणे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सहा लाखांची नवी मोटार पाच वर्षांनी तीन लाखांची राहिली, तर वर्षाला ६०,००० रुपये घसारा. या काळात सरासरी साडेचार लाख रुपये तिच्यात अडकले. ते सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ३१,५०० रुपये मिळाले असते. कर्ज काढले असेल तर व्याज याहून अधिक. विमा व सर्व्हिसिंग यांचे २५,००० धरले तर पेट्रोलचा थेंबही न भरता वर्षाचा खर्च १,१६,५०० रुपये. आता जुनी मोटार. आज ती ९०,००० रुपयांना विकली जाते, पाच वर्षांनी ४०,००० ला जाईल असे समजू. घसारा वर्षाला १०,०००, अडकलेल्या पैशावरील व्याज सुमारे ४,५००, नूतनीकरणाच्या पाच हजारांतील वर्षाचा वाटा १,०००, आणि विमा, दुरुस्ती, टायर, बॅटरी यांसाठी सढळ हाताने ५०,०००. एकूण सुमारे साडेपासष्ट हजार. दोहोंत ५१,००० रुपयांचे अंतर आहे.

आता इंधन. जुनी मोटार लिटरला १४ किलोमीटर धावते आणि नवी २०, पेट्रोल लिटरला १०४ रुपये, असे धरले तर प्रत्येक किलोमीटरमागे जुनी मोटार सव्वादोन रुपयांच्या आसपास अधिक खाते. वर्षाला ६,००० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला हा भुर्दंड तेरा-साडेतेरा हजारांचा. म्हणजे तरीही जुनी मोटार साडेसदतीस हजारांनी स्वस्त. जुनी व नवी बरोबरीत येण्यासाठी वर्षाला जवळजवळ २३,००० किलोमीटर धावावे लागेल. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत; तत्त्व बदलत नाही. जो थोडे फिरतो त्याला जुनी मोटार परवडते, जो फार फिरतो त्याला नवी. व्यवहारात मात्र नेमके उलटे दिसते. रविवारच्या भाजीसाठी आणि वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी कर्ज काढून नवी मोटार घेतली जाते, आणि रोज साठ किलोमीटर ये-जा करणारा गृहस्थ जुन्या मोटारीला चिकटून राहतो.

दुरुस्तीच्या बाबतीत माणसे दोन परस्परविरोधी चुका करतात आणि गंमत अशी की एकच माणूस दोन्ही करू शकतो. पहिली चूक सुप्रसिद्ध आहे. गेल्या दिवाळीत क्लचप्लेट बदलली, होळीला रेडिएटर नवा टाकला, आता एवढा खर्च केल्यावर मोटार विकायची कशी? हा बुडीत खर्च होय. तो झाला, गेला. पुढील निर्णयाशी त्याचा संबंध नाही. दुसरी चूक अधिक प्रतिष्ठित आहे, कारण ती शहाणपणाच्या वेषात येते. ‘ऐंशी हजारांच्या मोटारीवर पंचेचाळीस हजारांची दुरुस्ती कोण करील?’ असे विचारले की समोरचा निरुत्तर होतो. परंतु तुलना चुकीच्या आकड्याशी झालेली असते. दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या विक्रीच्या किमतीशी ताडून पाहायचा नसतो. त्या दुरुस्तीने जेवढी वर्षे सेवा मिळेल, तेवढी वर्षे तीच सेवा अन्य मार्गाने मिळविण्यास किती पडेल, याच्याशी ताडायचा असतो. पंचेचाळीस हजारांत दोन वर्षे निर्धोक प्रवास मिळत असेल तर तो महिन्याला १,८७५ रुपयांना पडला. नव्या मोटारीचा मासिक हप्ता यापुढे ठेवून पाहावा.

अर्थात, दुरुस्तीला मर्यादा आहेच, आणि ती इंजिनात नसून बहुधा पत्र्यात आहे. इंजिन उतरविता येते, सिलिंडर बोअर करता येतात, रिंग-पिस्टन नवे घालता येतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी या विद्येत पिढ्या मुरलेल्या आहेत. पण तळाचा सांगाडा गंजला, सस्पेन्शन जेथे बसते तेथील लोखंड भुसभुशीत झाले, की मोटारीचा शेवट जवळ आला असे समजावे. कोकणपट्टीतील खारट दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे काम देशावरील हवेपेक्षा लवकर करतात. म्हणून रत्नागिरीची दहा वर्षांची मोटार सोलापूरच्या सोळा वर्षांच्या मोटारीहून म्हातारी असू शकते. दोघींच्या नोंदणीपत्रावरील मुदत मात्र सारखीच.

किलोमीटरचेही तसेच. जुन्या मोटारींचे मीटर पाच आकडी असे. ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येई, जणू एवढ्यात एक जन्म संपला. आजच्या इंजिनाला दीड-दोन लाख किलोमीटर म्हणजे मरण नव्हे. मात्र या टप्प्यावर काही गोष्टी मुदतीत बदलाव्याच लागतात. टायमिंग बेल्ट ही त्यांतील सर्वांत फसवी वस्तू. तो तुटण्यापूर्वी बहुधा आवाज करीत नाही, आणि तुटला की पुष्कळ इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळून पाच-सहा हजारांचे काम चाळीस हजारांवर जाते. कूलंट साध्या पाण्याने भरीत राहिल्यास आतले मार्ग गंजतात, इंजिन तापते, हेड गॅस्केट जळते. आणि रबर! होसपाइप, बुश, सील, बेल्ट यांना धावण्यापेक्षा वर्षे अधिक जाणवतात. झाकून ठेवलेल्या मोटारीचेही रबर कडक होऊन तडकते. ‘गाडी फार चालवलेली नाही’ ही जाहिरातीतील फुशारकी म्हणूनच निम्मीच खरी असते.

या रबरावर अलीकडे आणखी एक भार पडला आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने देशभर आले. पंधरा वर्षांपूर्वीच्या मोटारी या मिश्रणासाठी बांधलेल्या नाहीत. काही जुन्या वाहनांत रबरी भाग व गॅस्केट लवकर बदलावे लागतील, परंतु तो खर्च अल्प आहे, असा खुलासा पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. खर्च अल्प असेलही. पण तो कोणी सोसावा, हा प्रश्न खुलाशात नव्हता. परदेशी तेलावरील अवलंबन कमी करणे आणि उसाला व मक्याला गिऱ्हाईक मिळवून देणे ही राष्ट्रीय उद्दिष्टे असतील, तर त्यांचा भार जुन्या मोटारीच्या मालकाने गुपचूप आपल्या गॅरेजच्या बिलात भरावा हे न्याय्य म्हणता येणार नाही. निदान पंपावर जुन्या मिश्रणाचे पेट्रोल निवडण्याची सोय ठेवणे अशक्य नव्हते.

निगा राखली तर मोटार कोठवर जाते याचे टोकाचे उदाहरण एका शाळामास्तरांचे आहे. न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवर राहणारे विज्ञानाचे शिक्षक आयर्व्ह गॉर्डन यांनी जून १९६६ मध्ये व्होल्व्हो कंपनीची एक लाल मोटार घेतली. शाळेची रोजची ये-जा सव्वाशे मैलांची होती. १९८७ मध्ये त्या मोटारीचे दहा लाख मैल पूर्ण झाले, २००२ मध्ये वीस लाख आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात तीस लाख. म्हणजे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटरांहून अधिक. २०१८ मध्ये गॉर्डन निवर्तले, तेव्हाही मोटार चालू स्थितीत होती. त्यांच्या यशात गूढ असे काही नव्हते. मोटारीबरोबर मिळालेली पुस्तिका ते वाचीत आणि तिच्यात लिहिल्याप्रमाणे वेळेवर तेल बदलीत. आपल्याकडे ती पुस्तिका बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीसह जशीच्या तशी सापडते.

येथे एक शंका रास्त आहे. इतकी जपलेली मोटार असेल तर ती चांगल्या किमतीला विकून मोकळे का होऊ नये? याचे उत्तर अर्थशास्त्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध प्रसिद्ध केला. तत्पूर्वी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. पुढे २००१ मध्ये याच विचाराबद्दल त्यांना इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. विचार साधा आहे. मोटार कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी मोटारीची किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या मोटारीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. सरासरी आणखी खालावते, किंमत आणखी उतरते. शेवटी बाजारात प्रामुख्याने नको असलेल्या मोटारीच उरतात. अ‍ॅकरलॉफ यांनी त्याच निबंधात भारतातील खेड्यांच्या सावकारीचेही उदाहरण दिले आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखे.

या विवेचनातून मालकाने घ्यायचा बोध पुस्तकांत सहसा दिलेला नसतो. आपल्या मोटारीविषयी त्याला जे ज्ञान आहे (कोणते सील केव्हा बदलले, चढावर आवाज कशाचा येतो, कोणता मेस्त्री विश्वासू) ते ज्ञान विक्रीच्या वेळी शून्य भावाने जाते. तो मोटार स्वतःकडे ठेवील तोवरच त्या ज्ञानाला मोल आहे. म्हणजे नीट जपलेली मोटार तिच्या मालकाला बाजारभावापेक्षा नेहमीच अधिक किमतीची असते. न विकण्यात हळवेपणा असतो हे खरे. पण तो हळवेपणा हिशेबाच्या बाजूने उभा आहे. नव्या मालकाला मात्र याची उलट बाजू भोगावी लागते. मीटर मागे फिरविलेली, पुरात बुडून धुऊनपुसून रंगविलेली मोटार त्याच्याच गळ्यात पडते, आणि हा नवा मालक बहुधा अल्प उत्पन्नाचा, पहिलीच मोटार घेणारा असतो.

बेल्जियमने या दुखण्यावर सोपा उपाय केला. २००६ पासून तेथे प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी मीटरचा आकडा एका मध्यवर्ती नोंदीत जातो आणि जुनी मोटार विकताना त्याचा दाखला द्यावाच लागतो. इंग्लंडमध्ये तीन वर्षांनंतर दरवर्षी मोटारीची तपासणी होते. त्या वेळचा आकडा व निष्कर्ष कोणासही गाडीच्या क्रमांकावरून पाहता येतो. आपल्याकडे विम्याचे नूतनीकरण संगणकावर, पीयूसी संगणकावर, नोंदणी संगणकावर. किलोमीटरचा आकडा मात्र कोठेही सक्तीने नोंदला जात नाही. एक रकाना वाढवायचा आहे.

आता धोरणाकडे वळू. जुन्या वाहनांनी हवा बिघडते, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. वर मांडलेल्या घरगुती हिशेबात धुराची किंमत कोठेच आलेली नव्हती, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. ती किंमत रस्त्याकडेच्या फेरीवाल्याच्या आणि शाळकरी मुलांच्या फुप्फुसांवर पडते. मालकाच्या वहीत ती दिसत नाही. म्हणून शासनाने हस्तक्षेप करणे योग्यच आहे. प्रश्न आहे तो कोणत्या मापाने करावा हा.

शासनाने निवडलेले माप आहे कॅलेंडर. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ व २०१५ मध्ये दिल्ली परिसरासाठी दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांस मज्जाव केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते धोरण उचलून धरले. जुलै २०२५ मध्ये दिल्लीत अशा वाहनांना पंपावर इंधन नाकारण्याचा प्रयोग सुरू झाला आणि लोकक्षोभामुळे काही दिवसांतच आवरता घ्यावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांविरुद्ध सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले. या शेवटच्या पालटात वयाऐवजी मानक पाहण्याची निदान सुरुवात तरी दिसते.

मुंबईने याचा अनुभव वेगळ्या रीतीने घेतला. टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली. वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली, छायाचित्रे छापली. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्या टॅक्सीला मुदत घालणे समजण्यासारखे आहे. परंतु वर्षाला चार हजार किलोमीटर फिरणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकाच्या मोटारीला तोच न्याय लावणे हे तर्काला धरून नाही. धूर किती, हे दर किलोमीटरचा धूर आणि एकूण किलोमीटर यांच्या गुणाकारावर ठरते. वय या गुणाकारात थेट कोठेच येत नाही.

मानकांचे आकडेही बोलके आहेत. बीएस-४ वरून बीएस-६ कडे जाताना डिझेल मोटारींच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. पेट्रोल मोटारींची ०.०८ वरून ०.०६ वर. म्हणजे डिझेलच्या बाबतीत झेप मोठी, पेट्रोलच्या बाबतीत लहान. शिवाय एप्रिल २०१० पासून बीएस-४ मानक मुंबई, पुणे, सोलापूर यांसह तेरा शहरांतच लागू झाले. इतरत्र त्या वर्षी बीएस-३ आले आणि बीएस-४ देशभर लागू होण्यास २०१७ उजाडले. एकाच वर्षी पुण्यात घेतलेली मोटार आणि कोल्हापुरात घेतलेली मोटार यांचा धूर कायद्यानेच वेगळा होता. नोंदणीची पंधरा वर्षे दोघींना सारखी.

मग धूर मोजावा, असे कोणी म्हणेल. मोजतोच की, असे उत्तर मिळेल; पीयूसी आहे. पेट्रोल मोटार जागेवर उभी करून तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन पाहतात, डिझेलच्या धुराची घनता पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अतिसूक्ष्म कण, ज्यांच्यासाठी एवढा गहजब चालला आहे, त्यांचे मोजमाप या तपासणीत होत नाही. शिवाय नळी सायलेन्सरमध्ये खरोखर किती वेळ असते, हे रस्त्यावरून जाणारा कोणीही पाहू शकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झालेली आठ वर्षांची मोटार या चाळणीतून सुखरूप पार पडते, आणि नीट ठेवलेल्या सोळा वर्षांच्या मोटारीच्या मालकाला कागदपत्रांची चळत घेऊन रांगेत उभे राहावे लागते.

२०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणात स्वयंचलित तपासणी केंद्रांची कल्पना होती आणि ती उत्तम होती. यंत्राने ब्रेक पाहावेत, यंत्राने धूर पाहावा, माणसाच्या मर्जीवर काही राहू नये. परंतु केंद्रे उभारण्यास वेळ व पैसा लागतो, शुल्क वाढविण्यास अधिसूचना पुरते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. विलंब झाल्यास दरमहा ५०० रुपये वेगळे. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये झाले. मोडीत काढणाऱ्याला नव्या मोटारीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे. पण ही सवलत घेण्यासाठी नवी मोटार घ्यावी लागते. ज्याला नवी परवडत असती त्याने जुनी एवढी वर्षे ठेवली असती का?

नव्या मोटारीच्या बाजूने एक मुद्दा मात्र निखळ आहे, आणि जुन्या मोटारीचे अभिमानी तो सहसा टाळतात. तो सुरक्षिततेचा. एबीएस ब्रेक व चालकाची एअरबॅग सर्व नव्या मोटारींना २०१९ पासून सक्तीची झाली. २००९-१० च्या स्वस्त मोटारींत यांतील काहीच नव्हते. द्रुतगती मार्गावर चार माणसे घेऊन नेहमी जाणाऱ्याने वरील सर्व हिशेब बाजूला ठेवून या एका गोष्टीचा विचार करावा. गावात तीसच्या वेगाने फिरणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातही एक गंमत आहे. नवी मोटार विकली गेली की कारखान्याचे उत्पादन वाढले, देशाची प्रगती झाली. जुन्या मोटारीचा क्लच गल्लीतील गॅरेजमध्ये बदलला गेला, तर त्या नोंदीचा अंदाज फार तर ढोबळपणे बांधला जातो. प्रवासाची सेवा दोन्हींकडे तीच. शिवाय दुरुस्तीचा रुपया गावातच राहतो: मेस्त्री, त्याच्या हाताखालचा पोऱ्या, लेथवाला, कुर्ल्याच्या रस्त्यावरील जुन्या सुट्या भागांचा व्यापारी. मोठ्या यांत्रिक उद्योगाला सवलत देताना या विखुरलेल्या रोजगाराची कोणी मोजदाद केल्याचे ऐकिवात नाही. तीस-तीस वर्षे कार्ब्युरेटरवर हात बसलेला मेस्त्री आता स्कॅनर घेऊन शिकतो आहे. त्याला प्रशिक्षण द्यावे, त्याच्या गॅरेजलाच मान्यता देऊन कन्व्हर्टर व इंजेक्टर तपासण्याचे काम द्यावे, ही सूचना मोडीच्या धोरणापेक्षा स्वस्तही पडली असती.

शुल्क घ्यायचेच असेल तर ते धुरावर आणि किलोमीटरवर घ्यावे. तपासणीत उत्तीर्ण झालेल्या मोटारीला नाममात्र शुल्कात पाच वर्षे द्यावीत, नापास झालेल्या मोटारीला, तिचे वय काहीही असो, दुरुस्तीची मुदत देऊन मग रस्त्यावरून उतरवावे. २००९-१० मध्ये घेतलेल्या ज्या मोटारींचे नूतनीकरण झाले आहे, त्यांची पुढील मुदत २०३० च्या सुमारास संपेल. तेव्हा त्यांचे मालक बहुतेक निवृत्त झालेले असतील, आणि सध्याचे दर कायम राहिले तर खिडकीवर त्यांच्याकडे दहा हजार रुपये मागितले जातील. त्या खिडकीशेजारी तोवर धूर मोजणारे एखादे खरे यंत्र बसलेले असावे, एवढी मागणी त्यांनी आतापासून करण्यास हरकत नाही.